सावल्या बंद, ढग कमी

३ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा अठरा! सेकंदाला अठरा चित्रं म्हणजे विमान उडत नाही, लंगडतं. बाबा आज तीनदा चुकले, आणि तिन्ही वेळा एकाच जागी. उडाले, डावीकडे वळले, पुन्हा डावीकडे वळून धावपट्टीला समांतर मागे आले, इथपर्यंत झकास. मग पुढेच जात राहिले. उतरण्यासाठी जिथे वळायचं ती जागा मागे पडली. तिसऱ्यांदा तर थेट शेतात.

"चित्र उशिरा येतंय, चिमे. पट्टी दिसतच नाही."

माझीच चूक. मी छापखान्यात रंग जुळवते, दिवसभर भिंगातून ठिपके बघत असते. चित्र म्हटलं की मला सगळं हवं. ढग, सावल्या, पाण्यावरची चमक, गवताची पातीन्‌पाती — सगळं सर्वांत वरच्या पातळीवर लावून बसले होते. एक बिचारं ग्राफिक्स कार्ड आणि त्याच्या गळ्यात तीन पडदे: समोरची काच मधल्यावर, बाजूच्या खिडक्या डाव्या-उजव्यावर. हौसेला मोल नसतं हे खरं, पण कार्डाला दम लागतो.

एकोणीस दिवस उरलेत.

४ फेब्रुवारी, मंगळवार

कशासाठी चाललंय ते एकदा लिहून ठेवते. चिडले की उघडून वाचेन.

बाबांनी सव्वीस वर्षं उड्डाण क्लबमध्ये लोकांना विमान चालवायला शिकवलं. मग गुडघ्याची शस्त्रक्रिया, आणि आठ महिने घरी. गुडघा आता ठणठणीत आहे. नोव्हेंबरात वैद्यकीय दाखलाही मिळाला. राहिली ती क्लबप्रमुखांची चाचणी. २२ तारखेला, शनिवारी, ते शेजारी बसून पाहणार. जमलं तर बाबा एक तारखेपासून पुन्हा शिकवायला. नाही जमलं तर कायमचे घरी.

प्रमुख बाबांचेच विद्यार्थी. फोनवर म्हणाले, "सर, तुमच्याच हाताखाली शिकलो, म्हणून सूट देणार नाही." बाबा दिवसभर खूश होते. मला मात्र थोडा रागच आला.

तर ही खोली, हे तीन पडदे, हा विमान उडवायचा खेळ. बाबा त्याला 'तुझं खेळणं' म्हणतात आणि सकाळी दाढी करून, शर्ट खोचून त्याच्यापुढे बसतात.

५ फेब्रुवारी, बुधवार

सावल्या बंद. चोवीस.

६ फेब्रुवारी, गुरुवार

कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. नवं कार्ड महिनाअखेरीपर्यंत येत नाही. दुकानदाराने माझे सगळे आकडे ऐकून घेतले आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"ताई, सुंदर हवं की वेगवान, एक काय ते ठरवा. दोन दगडांवर पाय ठेवलात तर मध्ये पडाल."

म्हटलं, दोन्ही हवंय. तो हसला. हसू दे. मी काही त्याच्याकडे आशीर्वाद मागायला गेले नव्हते.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

ढग कमी केले. अठ्ठावीस.

संध्याकाळी चहावरून रामायण. बाबा म्हणे, "मला कुणी चहा देणार आहे का?" आणि कप त्यांच्या डाव्या हाताशी, साय धरलेला! आई म्हणाली, "अर्धा तास झाला ठेवून. जानेवारीत डोकं धरून दोन दिवस पडला होतात, तेव्हापासून तुमचं हे असंच. लक्ष म्हणून नाही." त्यांच्या डाव्या कोपरावरचं काळंनिळंही दाखवलं मला. दाराच्या चौकटीवर आपटलेत, आठवड्यात दुसऱ्यांदा.

"माझं लक्ष चाचणीत आहे," बाबा म्हणाले.

मी बाबांची बाजू घेतली. ज्याच्या डोक्यात बावीस तारीख आहे त्याला कप कुठून दिसणार?

९ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर तेच. आज दुकानदाराचं ऐकलं, सगळं खालच्या पातळीवर आणलं. साठ! विमान लोण्यासारखं चाललं. मी स्वतःवरच खूश.

बाबा एक फेरी मारून थांबले. "जमीन कुठे गेली?"

खरंच नव्हती. खाली नुसतं टेबलावर अंथरल्यासारखं हिरवं कापड. झाडं नाहीत, घरं नाहीत.

"मी उंची कशावरून जोखू? मला झाडं दे, छपरं दे, पट्टीच्या कडा दे. ढग नसले तरी चालतील, ढगांत मला कुठे उतरायचंय?"

हे मला कळायला नको? छापताना आम्ही चेहरा सांभाळतो. मागची भिंत थोडी मळली तरी कुणी तक्रार करत नाही. चांगलं चित्र म्हणजे सगळीकडे चांगलं असं थोडंच आहे! बघणाऱ्याला जे हवं ते नीट दिसलं पाहिजे. दुकानदाराचा प्रश्नच चुकला होता, आणि माझं उत्तरही.

१० फेब्रुवारी, सोमवार

झाडं आणि घरं परत आणली, पण पट्टीच्या आसपासचीच. पट्टीच्या कडा रेखीव. ढग पूर्ण बंद, पाण्याची चमक बंद, लांबचे डोंगर ओबडधोबड. छत्तीस! एकही झटका नाही.

तरी बाबा चुकले. त्याच जागी.

"नाही दिसत, चिमे."

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज मी बोलू नये ते बोलले. म्हटलं, "बाबा, मला दिसतेय पट्टी! डाव्या पडद्यावर स्पष्ट दिसतेय, कडेच्या पांढऱ्या रेघांसकट!"

त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "तू मागे उभी असतेस. मागे उभं राहणाऱ्याला सगळंच दिसतं. विमान चालवायचं असतं मला."

मग जेवले नाहीत. आई माझ्याशी बोलत नाही, म्हणजे दोष माझाच ठरलाय. आहेच. त्यांचा धीर खचेल असं मी काहीही करायला नको होतं. वाईट वाटतंय, पण नुसतं वाईट वाटून फ्रेम्स वाढत नाहीत.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सापडलं! तिन्ही पडद्यांना सारखं वाढायची काय गरज? उजव्या खिडकीत त्यांना काहीच बघायचं नसतं, फेरी सगळी डावीकडून. उजव्याचं चित्र जेमतेम ठेवलं आणि उरलेली सगळी ताकद डाव्याला दिली. आता डावा पडदा असा झालाय की पट्टीवरचे टायरचे काळे ओरखडे मोजून घ्यावेत. असं चित्र आमच्या छापखान्यातूनही निघत नाही. आणि वर पंचेचाळीस!

बाबांनी एक फेरी मारली. म्हणाले, "बरंय." अजून उशिराच वळले, पण शेतात नाही गेले. थोडा सराव हवा, बस.

आठ दिवस.

१६ फेब्रुवारी, रविवार

उतरले!! तीनपैकी दोनदा, अगदी पट्टीच्या मधोमध.

आता ते मनात आकडे मोजतात. दुसऱ्यांदा वळले की एकपासून सुरू, सत्तर झाले की पुढचं वळण. "जुनी सवय आहे. धुकं असलं की आम्ही असंच करायचो." मी म्हटलं, आता तर धुकं नाही. म्हणाले, "सवय मोडायची कशाला?"

वळायच्या आधी मोठ्याने म्हणतात, "डावीकडे मोकळं." प्रत्येक वळणाला. सव्वीस वर्षं विद्यार्थ्यांकडून हेच म्हणवून घेतलंय. वळशील तिकडे आधी बघ, बघितलंस ते बोल, मगच वळ. लहानपणी माझ्याकडून सायकलवरही म्हणवून घ्यायचे. गल्लीतली पोरं मला 'मोकळं' म्हणून चिडवायची. आज ते शब्द ऐकून इतकं बरं वाटलं!

आईने न मागता चहा केला आणि कप सरळ त्यांच्या उजव्या हातात दिला. "आता म्हणा दिला नाही."

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पाचपैकी पाच.

बाबांनी जुनी उड्डाणवही काढलीय. खऱ्या उड्डाणांची पानं संपली तिथे रेघ मारून खेळण्याची उड्डाणं लिहितात. तारीख, उतरणी, शेरा. अक्षर तेच, ताठ. प्रमुखांना स्वतः फोन केला, "शनिवारी सकाळी नऊला. उशीर करू नकोस." शिष्यालाच दम! आठ महिन्यांत हा आवाज ऐकला नव्हता.

दुकानदाराला जाऊन सांगणार आहे, दोन दगडांवर पाय ठेवून उभी आहे मी, पडले नाही. सुंदरही नाही, वेगवानही नाही, बाबांना पुरेल असं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

एवढ्यावर थांबेन तर ती मी कसली! डाव्या पडद्यामुळे कार्डावर नेमका किती भार येतो ते बघायला सकाळी त्याची तार काढून मोजलं. पंचेचाळीसवरून एकसष्ट! लिहून घेत होते तोवर छापखान्यातून फोन. मुखपृष्ठाचा लाल रंग विटकरी उतरलाय, दोन हजार प्रती वाया. तशीच पळाले.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दुसरा दिवसही छापखान्यातच. लाल रंग आता लाल आहे. घरी आले तोवर बाबा झोपायच्या तयारीत. "सहा उतरणी," म्हणाले, "सगळ्या सुरेख." खोलीत डोकावायचंही त्राण नव्हतं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

डॉक्टरांना फोनवर कप, कोपर, जानेवारीतली डोकेदुखी, सगळं सांगितलं. त्यांनी आजच बोलावलंय, सहा वाजता. प्रमुखांना फोन करून उद्याची चाचणी थांबवली. बाबांना अजून सांगितलं नाही. हे लिहून झालं की सांगणार आहे. मलाच सांगायला हवं.

दुपारी लवकर घरी आले. बाबा कानाला हेडफोन लावून उडत होते. डावा पडदा काळा. तार टेबलावर, बुधवारी मी टाकली होती तिथेच. शेजारी वही उघडी होती: "१९ तारीख, चार उतरणी. २० तारीख, सहा. शेरा: तिन्ही पडदे उत्तम. डावीकडचं चित्र विशेष सुधारलं."

मी हळूच त्यांच्या डाव्या बाजूला गेले. त्यांच्या आणि काळ्या पडद्याच्या मध्ये, हातभर अंतरावर. ते मोजत होते. अडुसष्ट. एकोणसत्तर. सत्तर.

"डावीकडे मोकळं," ते म्हणाले, आणि वळले.