लाल कोटांची दहा वर्षं

६ फेब्रुवारी

आज पुन्हा तेच. पालेभाजीची जुडी सोडवताना मागे न बघताच म्हणाले, वन्सं, तेवढी कात्री द्या हो. हात मागे करून उभीच! कात्री हातात पडली नाही तेव्हा भानावर आले.

वन्संना जाऊन तीन आठवडे झाले. गंमत म्हणजे या घरात त्या कधी राहिल्याच नाहीत. यायच्या ते दुपारच्या गाडीनं, संध्याकाळच्या गाडीनं परत. एक रात्र कधी मुक्काम नाही. मग आता का वावरतायत इथे?

बाहेरच्या खोलीतून ह्यांनी विचारलं, कुणाशी बोलतेस? कुणाशी नाही, म्हटलं. सख्खी धाकटी बहीण गेली ह्यांची, पण घरात तिचं नाव निघत नाही. ना ते काढत, ना मी.

८ फेब्रुवारी

अंगात कणकण. कानात कात्रीचा आवाज मात्र चालू आहे. जाड कापडातून जाते तसा – कर्र, कर्र.

११ फेब्रुवारी

लिहून टाकते एकदाचं.

लग्न झालं आणि दोन महिन्यांत हे बोटीवर गेले. इंजिनखात्यात. वर्षाकाठी महिनाभर घरी. मी चोवीसची, वन्सं बावीसच्या. भाड्याच्या दोन खोल्या, खाली सायकलचं दुकान. येणारीजाणारी बाई हळहळायची, पोरीचं कसं होणार म्हणून. काय व्हायचं होतं! माझ्या आयुष्यातली सगळ्यात मजेची दहा वर्षं ती. हे मी आजवर जिवंत माणसाला बोललेली नाही. नवरा समुद्रावर होता ती वर्षं मजेची होती, असं कुठली बाई सांगेल?

वन्संनी शिवणाचं काम आणलं – बँडवाल्यांचे कोट. लाल भडक, छातीवर सोनेरी दोऱ्या, खांद्यावर झालरी. दोन मशीनं समोरासमोर. पायाखाली चिंध्या, केसांत धागे, दातांत टाचण्या. बँडचे मास्तर दरवर्षी येऊन तक्रार करायचे, कोट आटला. वन्सं गंभीर चेहऱ्यानं टेप लावायच्या नि म्हणायच्या, मास्तर, कोट तेवढाच आहे. मास्तर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पोचेपर्यंत आम्ही तोंडात पदर कोंबून बसायचो.

माझ्यापेक्षा धाकट्या, तरी मी अहो-जाहोच करायची. शिव्यासुद्धा अहो-जाहोत! त्या मला सरळ "वहिनी, तू मूर्ख आहेस."

काम संपलं की शिवलेले कोट अंगात घालायचो आणि खोलीतल्या खोलीत संचलन. मी ढोल, वन्सं कर्णा. खालचा सायकलवाला काठीनं छत ठोकायचा. आम्हाला वाटायचं, ताल देतोय.

डोक्यातून जाईल म्हणून लिहिलं. उलट आलंच सगळं वर.

१२ फेब्रुवारी

एक राहिलं. हे वर्षातून महिनाभर यायचे तेव्हा काय व्हायचं, ते. आदल्या दिवशी आम्ही कोट गाठोड्यात बांधून पलंगाखाली सरकवायचो. जमीन पुसायची, केस नीट. महिनाभर दोघी हळू आवाजात बोलायचो, परक्या घरी गेल्यासारखं. त्यांनी कधी दटावलं नाही, काही नाही. आमचं आपलं आपोआपच. हे गेले की त्याच संध्याकाळी गाठोडं बाहेर!

१३ फेब्रुवारी

दहाव्या वर्षी बोट भंगारात निघाली आणि हे कायमचे घरी आले. त्याच आठवड्यात वन्संनी दुसऱ्या गावी शाळेत शिवण शिकवायची नोकरी धरली. मी पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. त्या खाली मान घालून कपडे भरत होत्या. इतकंच म्हणाल्या, आता दादा आलाय, तुझं घर तू बघ.

लग्न केलं नाही. हसायच्या, पण तशा नाही. कधी आल्या तर ह्यांच्यासमोर बसायच्या नाहीत, स्वयंपाकघरात माझ्याजवळच उभ्या.

मी तेव्हाच समजले. ह्यांनीच सांगितलं असणार, आता तू नीघ म्हणून. विचारलं नाही. बत्तीस वर्षं झाली, विचारलेलं नाही. ह्यांच्या जेवणाखाण्यात, औषधपाण्यात कधी कमी केलं नाही. लेक वाढवली, तिचं लग्न केलं. पण मनात एक खिळा ठोकलेला आहे, तो तिथेच. वाईट माणूस नाहीत. ताट पुढे केलं की "छान झालंय" म्हणतात. मला ते "छान"सुद्धा टोचतं.

१७ फेब्रुवारी

बाजारात जाते सांगून निघाले आणि पाय जुन्या गल्लीकडे वळले.

सायकलचं दुकान गेलं. वर पाटी – दातांचा दवाखाना. आमच्या खोल्यांत! खाली किती वेळ उभी होते कोण जाणे. मग सरळ वर गेले नि सांगितलं, दाढ दुखतेय. धडधडीत खोटं.

डॉक्टरीणबाई तरुण, गोड. खुर्चीत आडवं केलं. खुर्ची बरोब्बर जिथे आमची मशीनं होती तिथे. म्हणाल्या, आ करा. मी आ केला आणि वर बघितलं.

भिंती नव्या, फरशी नवी, पण छत तेच. पंख्याचा हुक तोच, रंगाचे थर चढून जाड झालेला. त्या हुकापासून खिडकीपर्यंत दोरी बांधून आम्ही तयार कोट टांगायचो. वारा आला की ते हलायचे. बिनडोक्याचे बँडवाले, एका रांगेत, झुलत. दुपारी त्यांच्याखाली चटई टाकून दोघी पडायचो. वन्सं एकेकाला नाव द्यायच्या, कोण कुणाची बायको पळवणार ते सांगायच्या.

आज ते पुन्हा दिसले. देवाशपथ दिसले. लाल, झुलत. शेजारी चटईवर कुणीतरी आहे असं इतकं वाटलं की मान वळवली. डॉक्टरीणबाई घाबरल्या, हलू नका म्हणाल्या. डोळ्यांतलं पाणी कानात शिरलं होतं. विचारलं, एवढं दुखतंय का? तोंडात हत्यार, काय सांगणार.

किडकी दाढ खरंच सापडली. पुढच्या आठवड्यात बोलावलंय.

१९ फेब्रुवारी

लेकीचा फोन. आई, बाबा म्हणत होते तू हल्ली एकटीच बोलतेस. म्हटलं, बोलायला दुसरं आहे कोण?

नंतर वाईट वाटलं. हे शेजारीच पेपर वाचत बसले होते.

२३ फेब्रुवारी

आज विचारलं.

संध्याकाळी हे कपाट आवरत होते. वन्संचा चष्मा हातात घेऊन थांबले – त्यांच्या खोलीवरून सामान आलंय त्यातला. पुसत राहिले. मला कुठून बळ आलं कळत नाही. म्हटलं, "वन्संना तुम्हीच जायला सांगितलं होतंत ना?"

वर बघितलं त्यांनी. चेहरा असा झाला की वाटलं, पडतात की काय. म्हणाले, "मी? अगं, मी हात जोडले होते तिला, राहा म्हणून."

मग का गेल्या, म्हटलं. चष्मा जागेवर ठेवला, चपला घातल्या, फिरायला गेले. परत आल्यावर जेवले. "छान झालंय" म्हणाले नाहीत.

खोटं बोलत नाहीत हे. ते मला ठाऊक आहे. म्हणून तर भीती वाटतेय.

२४ फेब्रुवारी

सकाळी आपणहून सांगितलं. दाढी अर्धी झालेली.

सहाव्या वर्षी ह्यांना गोदीतल्या गोदामात कायमची नोकरी मिळत होती. न कळवता आले, ट्रंक घेऊन, दारापर्यंत. आत आम्ही दोघी पाय आपटत हसत होतो. ऐकत उभे राहिले आणि खाली उतरले. मागोमाग वन्सं दोरा आणायला उतरल्या, त्यांनी ह्यांना रस्त्यात गाठलं. दादा वर चल, म्हणून ओढलं. ह्यांनी शपथ घातली, वहिनीला कधी कळू द्यायचं नाही. गोदामाला नकार कळवून परत बोटीवर. आणखी चार वर्षं! वन्संनी शपथ पाळली. पण पुढे भाऊ कायमचा आला तेव्हा त्याच्या नजरेला नजर देववेना, म्हणून गेल्या.

कुठला दिवस तो? काही केल्या आठवत नाही. तसे दिवस रोजच असत.

मी म्हटलं, "दार का नाही वाजवलंत?"

त्यांनी वस्तरा धुतला. म्हणाले, "वाजवलं असतं, तर तुमचं हसणं थांबलं असतं."