चटणीच्या टेबलावरचं पिकल

१२ जून, बुधवार
बेरिलचा अबोला संपेना! भिंतीला भिंत लागून घर, तीस वर्षांचा बुधवारचा चहा – सगळं एका बरणीपायी. यॉर्कशायरचा हट्ट तो!

गेल्या वर्षीही गावच्या प्रदर्शनात तिने चटणीच्या गटात बरणी ठेवली. आत फ्लॉवरचे तुरे अख्खे! मी तिथे पहिल्यांदाच मदतनीस; पिकलच्या गटात माझी बरणी दरवर्षी पहिली. परीक्षकबाईंना दाखवलं, कार्डावर शेरा पडला – 'नियमाला धरून नाही'. माझं काय चुकलं? चटणी म्हणजे सगळं बारीक चिरून व्हिनेगर-साखरेत इतकं आटवायचं, की पळी फिरवली की तळाला वाट दिसते. पिकलमध्ये फोड फोडच राहते, दाताखाली कुरकुरते.

नवरा म्हणतो, "दोन्ही चीजबरोबरच खायचं ना? मग कसली मेली भानगड!" अडाणी.

१५ जून
समितीने नियमपत्रिकेसाठी चटणी-पिकलमधला फरक दोन ओळींत मागितला. नऊ ओळी दिल्या.

१४ ऑगस्ट
कुंपणापाशी बेरिल दिसली. हाक मारली. आत निघून गेली. फार वाईट वाटलं. मला ती परत हवी आहे, बास.

२४ ऑगस्ट, शनिवार
प्रदर्शन. कार्डं पालथी, नावं दिसत नाहीत – पण बेरिलची बरणी मी झोपेतही ओळखेन. पुन्हा चटणीतच! पुन्हा अख्खे तुरे! माझ्या नऊ ओळी वाचल्या तरी का?

परीक्षकबाई यायला पाच मिनिटं. यंदा तिला तो शेरा मिळता कामा नये. बरणी उचलली, कार्डावरचा गट खोडला आणि पिकलच्या टेबलावर ठेवली. मदतनीसाने असं करणं म्हणजे घोर पाप!

निकाल – पिकलमध्ये बेरिल पहिली. मी दुसरी! बारा वर्षांत पहिल्यांदा. नवरा टाळ्या पिटत होता, फितूर. बेरिलने कार्ड पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि तडक घरी गेली. झालं. आता कायमचीच तुटली.

२५ ऑगस्ट
सकाळी बेरिल दारात.

"हेस्टर, वेडाबाई! पिकल कशाला म्हणतात ते मला कळत नाही होय गं? पिकलमध्ये तुझी बरणी असायची, म्हणून मी बारा वर्षं माझी चटणीत ठेवत होते."

मला रडूच आलं. तर मेली म्हणते, "दुसरा नंबरही काही वाईट नसतो."