तिथं तो थांबतो

१२ नोव्हेंबर, सकाळ

चि. सूनबाईस आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघा होता तसाच आहे. शिलाई मशीनचा पट्टा तुटला होता, नवा टाकला. तुझं पत्र मिळालं. चार ओळींत तीनदा 'माफ करा' कशाला? मला असली नाटकं आवडत नाहीत.

तुझा सॅक्सोफोन विकत घ्यायला तू पाठवलेलं गिऱ्हाईक येऊन गेलं. बरा माणूस होता. पण त्यानं तोंडाला लावायला उचलला तशी मी म्हटलं, "ठेवा खाली. विकायचा नाही."

"अहो, तुमच्या सूनबाईच म्हणाल्या!"

"तिला काय कळतंय आत्ता," म्हटलं. चहा पाजला आणि वाटेला लावला.

आता ऐक. तुझ्या सरावासाठी माझ्या लेकानं भरून ठेवलेली टेप मी शिवताना लावते. नुसता त्याचा पियानो, तुझी जागा रिकामी. काय ते जॅझ तुमचं! एक कॉर्ड, ती तुमची सुरांची जुडी, कानात बसते न बसते तोच दुसरी, तिसरी, नुसती पळापळ. आणि त्यावर तू ऐन वेळी सुचेल ते वाजवायचीस, रोज नवं. परवा माझा पाय त्या वेगानं सुटला आणि पँटचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून बसले. तो असता तर महिनाभर चिडवलं असतं.

एका जागी तू त्याला नेहमी झापायचीस. "इथंच ढेपाळतोस! ताल सोडतोस!" तो हसायचा. एकदा तू बाहेर गेल्यावर मी विचारलं, "का रे, जमत नाही का तेवढं?"

"जमतं गं आई. ती तिथं श्वास घेते. सांगू नकोस, चिडेल."

नाही सांगितलं. आता तो नाही, चिडायचं तर माझ्यावर चीड.

माहेरी राहा, नोकरी कर, उद्या दुसरं लग्न कर, माझी ना नाही. पण वाजवणं सोडलं म्हणतेस, ते मला चालायचं नाही.

रोज ती जागा येते. तो थांबतो. कुणीच श्वास घेत नाही. मग तो एकटाच पुढं पळतो. मला ते ऐकवत नाही गं.

ये. एकदा तिथं श्वास घेऊन जा.

आधी 'तुझी सासू' लिहिलं होतं, खोडलं.

तुझी,
आई