शिवरंजनीच्या सायकलीचा दिवा

बेंबळी,
२ डिसेंबर २०२४

ती. अण्णांस शिवरंजनीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून हसू नका. फोनवर बोलायला गेलं की सासूबाई शेजारीच बसलेल्या असतात, आणि तुम्हीही अर्धं ऐकूनच उत्तर देता. म्हणून लिहायला बसले.

परवा पहाटे दूध केंद्राकडं जाताना कॅनॉलच्या पुलाजवळ सायकलवरून पडले. डावं कोपर सोलपटलं, बाकी काही नाही. पण सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. म्हणाल्या, अंधारात तडमडायची गरजच काय. पुन्हा पडलीस तर केंद्राची किल्ली परत देऊन यायची आणि गुमान घरी बसायचं. हे सोलापूरहून रविवारी येतात. त्यांचं म्हणणं, आई म्हणते तसं कर.

अण्णा, लोक कॅन घेऊन माझी वाट बघत उभे असतात. कुलूप मी उघडते, दुधाचं फॅट मी काढते. बेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा एक कुलूप माझ्या भरवशावर आहे. ते मला सोडायचं नाही. तुम्हाला त्यातलं कळतं, तेव्हा अंधारात चालवायला सायकलीला चांगला दिवा निवडून पाठवा.

वहिनींना नमस्कार. माया आहेच, ती आटू देऊ नका.

तुमची,
शिवरंजनी


जळकोट,
८ डिसेंबर २०२४

चि. सौ. शिवरंजनीस कल्याणप्पाचे अ. उ. आ.

माझी शाळा नववीत सुटली, पण मोटारीचं वायंडिंग मी कुणाच्या हाताखाली शिकलो नाही. जळलेली मोटार उघडून, तिचे वेढे मोजून शिकलो. मला वाटलं, सायकलीचा दिवा म्हणजे किरकोळ काम. पण डोकं पार चक्रावून गेलं बघ. एका खोक्यावर दहा हजार ल्युमेन उजेड असं छापलंय आणि आतला दिवा आगपेटीएवढा. दुसऱ्यावर आठशेच, पण हातात घेतला तर चांगला वजनदार. तिसऱ्यानं नुसते वॅट लिहिलेत. मोबाइलवर एक पोरगा सांगतो ल्युमेन बघा, दुसरा सांगतो ल्युमेन बघणारे येडे, लक्स बघा. तुझी वहिनी म्हणाली, एवढ्या वेळात माणूस चालत बेंबळीला जाऊन आला असता.

शेवटी खोकी बाजूला सारली आणि माझी परीक्षा लावली. दुकानामागच्या लिंबाला वर्तमानपत्र टाचलं, बारीक अक्षरातल्या जाहिरातींचं पान. ज्या दिव्यानं लांबून ते वाचता आलं तो पास. एकच पास झाला, तो शेजारच्या माणिकप्पाच्या हाती पाठवतोय. धाराशिवला त्याची कोर्टाची तारीख आहे, तिथून तो पुढं तुझ्याकडं येईल.

त्या खोक्यात एक तांबडा दिवाही होता, सुपारीएवढा. त्याच्या उजेडात मथळासुद्धा वाचता येईना. असला मिणमिणता माल पाठवून मी माझं नाव घालवणार नाही. त्याला वायर जोडून दुकानातल्या मोटारीच्या स्टार्टरवर टांगलाय. शेतीच्या लाइनला वीज आली की लुकलुकतो. तेवढीच त्याची लायकी.

काच सरळ समोर ठेव, खाली वाकवू नको. तुझ्या सासूबाईंना, मल्लम्माबाईंना शरणार्थ सांग.

तुझा,
अण्णा


बेंबळी,
१६ डिसेंबर २०२४

ती. अण्णांस शि. सा. न. वि. वि.

दिवा पोचला. उजेड लई आहे. रस्त्याकडंच्या बाभळीच्या शेंड्यावरचं घरटंसुद्धा दिसलं. पण बटणाचं काही समजेना. एकदा दाबलं की मोठा, दोनदा दाबलं की बारीक, दाबून धरलं की लुकलुक. थंडीनं बोटं आखडलेली, त्यात ते लुकलुक लागलं ते बंदच होईना. मागं गावात रात्रीच्या ड्रोनच्या अफवा उठल्या होत्या, तेव्हापासून लोक बिथरलेलेच. केंद्रावर दूध घालायला आलेले राजपालभाऊ काठी घेऊन धावत आले. मला ओळखल्यावर रांगेतल्या आबारावांनी विचारलं, ताई, विमान केंद्रावर उतरवायचं का कॅनॉलमधी. आता सगळे मला पायलटच म्हणतात.

हसण्यावारी न्यायचं म्हणून हे लिहिलं. खरं सांगायचं तर काल पुन्हा तोल गेला, त्याच पुलाजवळ. पडले नाही, पण पाय कडेच्या चिखलात गेला आणि लुगड्याची डावी बाजू भरली. सासूबाईंनी ते बघितलं. आता संक्रांतीपर्यंत मुदत दिलीय. तोवर असं पुन्हा झालं, तर किल्ली त्या स्वतः नेऊन देणार.

एवढ्या उजेडात कसा तोल गेला, ते विचारू नका. तुम्हीही मला घरीच बसवाल.

तुमची,
शिवरंजनी


जळकोट,
२४ डिसेंबर २०२४

चि. सौ. शिवरंजनीस अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी चक्रावलो. दिवा पास, उजेड लई, आणि माणूस चिखलात? काहीतरी जुळत नव्हतं. आधी आणखी मोठा दिवा पाठवावा असं मनात आलं. मग म्हटलं, मोटार न उघडता वायर बदलायची नाही. तुझी दोन्ही पत्रं पुढं ठेवली. पहिल्यात डावं कोपर, दुसऱ्यात डावी बाजू. खड्ड्यानं पडणारा माणूस दर वेळी डावीकडंच कसा पडेल?

तेव्हा तसलाच दिवा लावून मी स्वतः पहाटे हायवेवर सायकल काढली. समोरचा दगड न् दगड दिसत होता. तेवढ्यात मागून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन आला आणि अंगाला घासून गेला. मी डावीकडं, बाभळीत. ड्रायव्हरनं पुढं जाऊन शिवी घातली, की म्हाताऱ्या, दिसत न्हाईस! म्हातारा म्हणाला याचा राग आहेच, पण बाकीचं त्याचं खरं होतं.

तुझ्याही मागूनच काहीतरी आलं होतं. व्हय ना? हे तू कुणालाच का सांगितलं नाहीस, तेही समजलं. मी तुला घरी बसवणार नाही.

परीक्षेत माझ्या खोट नव्हती. विषय दुसरा होता. तो तांबडा दिवा स्टार्टरवरून काढलाय आणि त्याची बॅटरी पुन्हा बसवून सोबत पाठवतोय. सीटच्या खाली, पदर वर येणार नाही असा बांध. आणि मल्लम्माबाईंना तूच सगळं सांग. त्यांना बाहेरून कळायला नको.

तुझा,
अण्णा


बेंबळी,
१२ जानेवारी २०२५

ती. अण्णांस शि. सा. न. वि. वि.

दोन्ही वेळा उसाचा ट्रॅक्टरच होता. त्या रस्त्याचा खड्डा न् खड्डा मला पाठ आहे, उजेड नसला तरी चालतं. मागच्याला मी दिसत नव्हते, एवढंच. पण ट्रॅक्टरचं नाव काढलं असतं तर सासूबाईंनी त्याच दिवशी किल्ली काढून घेतली असती. आणि दिवा मागितला तेव्हा कसला मागायचा हे मलाही कुठं ठाऊक होतं.

तुम्ही म्हणालात तसं त्यांना सगळं सांगितलं. लई बोलल्या. दुसऱ्या दिवशी मी निघाले तर शाल पांघरून ओट्यावर येऊन उभ्या. परत आल्यावर एवढंच म्हणाल्या, पुलापर्यंत तांबडं दिसत होतं. तेव्हापासून रोज उभ्या राहतात. पुलावरून दिवा वळला की आत जाऊन पडतात. रात्री जेवताना मला विचारतात, तांबड्याला चार्जिंग लावलंस का. पांढऱ्याचं नाव नाही. तो मी चार बोटं खाली वाकवलाय. आता समोरून येणारे शिव्या देत नाहीत, आणि घरट्यातली पाखरंही झोपत असतील.

आज थंडीच्या गडबडीत सायकल बाहेर काढली आणि पायडल मारणार तेवढ्यात मागून हाक आली. मी किल्ली घरातच विसरले होते. ती हातात घेऊन सासूबाई पायरी उतरून आल्या होत्या.

तिळगुळाचा डबा माणिकप्पांच्या हाती पाठवलाय. गोड मानून घ्या, आणि बहिणीला असंच नजरेत ठेवा.

तुमची,
शिवरंजनी