मॉडेलशिवाय एक स्क्रूही नाही

५ जानेवारी
आमचं लातूरचं इंजिनीअरिंग कॉलेज कंधारजवळच्या टेकडीवर मोठी दुर्बीण उभारणार. डिझाइन माझ्याकडे. योग्य माणूस कोण हे प्राचार्यांना कळायला इतकी वर्षं लागली.

पद्धत ठरवून टाकली. मॉडेल-बेस्ड सिस्टिम्स इंजिनीअरिंग. कागद बंद. अख्खी दुर्बीण आधी कॉम्प्युटरमध्ये ठोकळे आणि रेषांनी मांडायची. कुठली अट कुठल्या भागाला लागू, सगळं जोडलेलं. एक गोष्ट बदलली की दुसरीकडे काय बिघडेल ते ठोकळा लाल होऊन सांगतो. जगातल्या मोठ्या दुर्बिणी अशाच होतात. लातुरात कुणाला पत्ताच नाही.

संकल्प: मॉडेल पूर्ण झाल्याशिवाय एक स्क्रूही आणायचा नाही.

फिजिक्सचे शेषेराव सर दुर्बिणीचं चित्र घेऊन आले. पेन्सिलनं. लग्नपत्रिकेच्या पाठीवर. किळस आली.

९ जानेवारी
मीटिंग. ज्याला जे पाहिजे ते त्यानं सांगायचं, ही पहिली पायरी. प्राचार्यांना सेल्फी पॉइंट पाहिजे. संस्थेच्या अध्यक्षांनी विचारलं, दुर्बिणीतून त्यांची शेती दिसेल का. शिसारी आली, पण पद्धत म्हणजे पद्धत. दोन्ही अटी मॉडेलात घातल्या.

शेषेराव म्हणाले, लोकांना आकाश दाखवायचं, बास. इतकी ढोबळ अट मॉडेलात बसत नाही. परत पाठवली.

१० जानेवारी
आजपासून रोज पहाटे उठून मॉडेल.

११ जानेवारी
रविवार.

२ फेब्रुवारी
घुमट थोडा मोठा केला. एकेक ठोकळा लाल होत गेला. खांब, मोटर, पाया, वायरिंग. सेल्फी पॉइंटसुद्धा. आरसा तेवढा हिरवा. म्हणजे मूळ डिझाइन भक्कम आहे.

मंजुश्री मागं उभी राहून बघत होती. म्हणाली, अहो, परवा यापेक्षा लाल कमी होतं की. बायको क्लासेसमध्ये केमिस्ट्री शिकवते. तिला सिस्टिम कशी समजणार?

१४ फेब्रुवारी
साइट व्हिजिट. एसटी अहमदपूरच्या स्टँडवर मेली. दुसरी आली ती भरून. शेजारी कोंबडीची पिशवी. मोठ्या प्रोजेक्टच्या डिझायनरला हा देश असा वागवतो.

टेकडी चढलो नाही. पायथ्याला चहा घेतला. शेषेराव वर जाऊन आले. म्हणाले, लई वारा हाय सर, माणूस हालून राहिला, नळी तर हालणारच. त्यांना सांगितलं, वाऱ्याचा आकडा मी इंटरनेटवरून आधीच घातलाय. मॉडेलप्रमाणे तिथं वारा नाही.

शेषेरावांच्या केसांत काटक्या होत्या. बघवेना.

२ मार्च
ओंगळपणाची हद्द. फिजिक्स लॅबमध्ये शेषेराव आणि पोरं एक लहान आरसा हातानं घासून राहिलेत. काचेवर काच, मधे पावडर आणि पाणी. फरशीवर करडा चिखल. लहान दुर्बीण करून बघतो म्हणे, सवय होईल. कसली सवय? मॉडेल नाही, ठोकळा नाही, लाल होण्याची सोयच नाही.

प्राचार्यांकडे तक्रार केली. ते म्हणाले, घासू द्या, तुमचं किती झालं?

जवळजवळ झालं म्हणालो. मॉडेलमध्ये "जवळजवळ" चालत नाही. तोंडी चालतं.

२३ मार्च
मंजुरी द्यायला पुण्याहून समिती आली. त्यांच्यावरच पुढचं सगळं अवलंबून. मॉडेल उघडायला वेळ लागला. उघडल्यावर सगळे खुर्च्या पुढं ओढून बघायला लागले. मला वाटलं, दबले.

समितीतल्या बाई याच पद्धतीनं काम करणाऱ्या निघाल्या. आनंद झाला. बाई म्हणाल्या, पद्धत उत्तम आहे. फक्त एक सांगा, आरसा कशावर बसवलाय?

शोधला. रेषा सापडेना. बाईंनी स्वतः माउस घेतला. आरसा कशालाच जोडलेला नव्हता. म्हणून तो हिरवा होता.

हवेत लटकलेला आरसा घेऊन पाच मिनिटं उभा होतो. वीज जाईल म्हणून वाट पाहिली. एरवी रोज जाते.

२६ मार्च
मोठी दुर्बीण "पुढं बघू". प्राचार्यांनी मॉडेलच्या चित्राचा फ्लेक्स करून गेटवर लावला. रंग छान आहेत म्हणे. उलटा लावलाय. कुणाच्या लक्षात आलेलं नाही. मीही सांगणार नाही. नालायक लोक.

१८ एप्रिल
शेषेरावांची दुर्बीण तयार. अंधार पडता पडता कॉलेजच्या मैदानावर सगळ्यांना बोलावलं. जाणार नव्हतो. मंजुश्री म्हणाली, लोक काय म्हणतील, चला.

प्लायवूडची पेटी, त्यात जाड नळी. हसू आलं. लाइन मात्र गेटपर्यंत. पोरं, आयाबाया, कॅन्टीनवाला. बघून झालेला माणूस बाजूला होईना, पुढचा त्याला ढकलत होता.

माझा नंबर आला. शेषेराव मोठ्यानं म्हणाले, या सर, गुरू लावलाय. मी नळीच्या खालच्या टोकाला गेलो, वाकलो, डोळा लावला. तिथं प्लायवूड होतं.

शेषेराव म्हणाले, सर, तिकडं न्हाई. आरसा असतो तिकडं. डोळा इकडं, वर, बाजूच्या नळकांड्याला.

मागं पोरं हसली. डोळा कुठे लावायचा याची पाटी नाही. निव्वळ बेजबाबदार डिझाइन. नळकांड्याला डोळा लावला. काळोख. मिनिटभरानं कळलं, मी दोन्ही डोळे मिटले होते.

एक उघडला. पिवळट गोळा, त्यावर दोन पट्टे. बाजूला एका रेषेत चार ठिपके. नळीला हात लागला तसा गोळा हलला, मग थांबला.

मंजुश्री जवळ येऊन हळू म्हणाली, अहो, तुम्ही याआधी दुर्बिणीतून कधी बघितलंच नव्हतं का?

न्हाई म्हणालो.

मग जाऊन लाइनीत शेवटी उभा राहिलो.