प्रतिमाच्या नावाने चष्मे

मी, त्र्यंबक रामू लोहार, वय चोपन्न, मूळचा आजरा तालुका, जिल्हा कोल्हापूर, गेली वीस वर्षे सनीव्हेल, कॅलिफोर्निया येथे राहणारा, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, स्वतःच्या हाताने, निळ्या शाईने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही, आग्रहही केलेला नाही. आग्रह करायला घरात दुसरे कोणी नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

मराठीत लिहिण्याचे कारण असे की इंग्रजी मी मशीनच्या मॅन्युअलांतून शिकलो. तिच्यात मला बोल्ट किती घट्ट करावा हे नेमके सांगता येते. माझ्यामागे काय करावे हे सांगता येत नाही. भाषांतर उल्हास पाटणकर (पाहा कलम ५) करील. त्याने पदरचे विनोद घालू नयेत.

कलम १. निमित्त. येत्या चार जानेवारीला माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. सर्जन म्हणतात, काळजीचे कारण नाही. लेथवर नवीन माणूस आला की मीही त्याला हेच सांगतो, आणि आधी गॉगल घालायला लावतो. हे मृत्युपत्र म्हणजे तो गॉगल समजावा.

कलम २. घर व शिल्लक. घर विकावे. आलेले पैसे व बँकेतील शिल्लक एकत्र ठेवीत घालावी आणि तिच्या व्याजातून दरवर्षी आजरा तालुक्यातील शाळकरी मुलांचे डोळे तपासून ज्यांना लागतील त्यांना चष्मे द्यावेत. प्रत्येक चष्म्याच्या डबीवर ‘प्रतिमा लोहार हिच्याकडून’ असे लिहावे. छापू नये, लिहावे. प्रतिमा ही माझी एकुलती एक मुलगी.

चष्मेच का, असे मला मराठी मंडळात पुष्कळांनी विचारले. लेखी उत्तर येथे देतो. मी सातवीत शाळा सोडली, कारण फळा दिसत नव्हता. तो कोणालाच दिसत नाही आणि बाकीची मुले हुशार असल्यामुळे ओळखतात, असे मी धरून चाललो होतो. एकोणिसाव्या वर्षी कोल्हापूरला उद्यमनगरात कामाला असताना फोरमनने थट्टेने आपला चष्मा माझ्या नाकावर ठेवला. समोरच्या भिंतीवर ‘येथे थुंकू नये’ असे लिहिलेले होते. त्या भिंतीवर मी दोन वर्षे थुंकत होतो. पुढे जे काही वाचले, शिकलो, आणि टूल-अँड-डाय मेकर, म्हणजे हत्यारे व साचे घडवणारा, म्हणून या देशाने मला बोलावून घेतले, ते सर्व त्या भिंतीनंतरचे.

कलम ३. भेटींचा नियम. या कलमाने कोणाला काही मिळत नाही, पण पुढचे समजण्यासाठी ते लागते.

इथे नाताळात वस्तू द्याव्या लागतात. आपल्या लोकांनीही ते उचलले, आणि दिवाळीतही वस्तू, नाताळातही वस्तू असे झाले. १९७४ साली आम्ही मंडळातल्या एका कुटुंबाला दिलेला कॅसरोल तीन घरे फिरून आमच्याकडे परत आला. झाकणाची मूठ मीच बदललेली होती, म्हणून ओळखला. त्या दिवशी मी नियम केला: यापुढे वस्तू द्यायची नाही. ज्याला द्यायची त्याच्या नावाने गावाकडे एका मुलाला चष्मा द्यायचा, आणि ज्याच्या नावाने दिला त्याला मी हाताने लिहिलेले कार्ड. घरच्यांनाही तेच. घरच्यांना सूट दिली तर नियम कसला?

प्रतिमा तेव्हा नऊ वर्षांची. तिने पाकीट उघडले.

“बाबा, व्हॉट डिड आय गेट?”

“तुझ्या नावाने एका मुलीला दिसायला लागलं.”

“हो. पण मला काय?”

“तुला त्याचं समाधान.”

तिने पाकीट उलटे करून झटकून पाहिले.

माझी पत्नी सरला तिला चोरून फ्रॉक आणि रंगपेट्या आणत असे. मला ते माहीत होते. त्यावर कोणाचे नाव नसे, म्हणून नियम मोडला असे मी धरले नाही. सरला पाच वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून प्रतिमा सिएटलला असते. नाटकांच्या थिएटरात दिवे लावण्याचे काम करते, आणि त्या कामात तिचा हात बसलेला आहे. मला हे काम आवडते. तिला तसे सांगितलेले नाही. दर नाताळात मी कार्ड पाठवतो. दोन वर्षे तिने पोच कळवली. पुढे कळवली नाही.

कलम ४. हत्यारे. गॅरेजमधील मापे घेण्याचे मायक्रोमीटर, गेजेस आणि माझा छोटा लेथ इथल्या संध्याकाळच्या मशिन-शॉप वर्गाला द्यावा. मायक्रोमीटर पुसून, जबडे किंचित उघडे ठेवून डबीत घालावेत. मिटून ठेवणाऱ्याला देऊ नयेत. तिसऱ्या खणात एक पितळी भोवरा आहे. १९७४च्या नोव्हेंबरात उरलेल्या पितळेचा केला. आर पोलादी, माप एका केसाइतकेही चुकलेले नाही. नाताळसाठी केला होता, पण त्याच्या आधी नियम झाला, मग देता येईना. तो कोणाचा नाही. <s>भंगारात घालावा.</s>

कलम ५. उल्हास पाटणकर. हाच माझ्या इच्छेची अंमलबजावणी करील. एका पिकनिकला त्याने पन्नास माणसांत सांगितले, “त्र्यंबककडे जेवायला बोलावलं तर घरून जेवून जा. तो पान वाढत नाही, तुमच्या नावाने आजऱ्यात कोणीतरी जेवतं.” सगळे हसले. सरलाही हसली. त्यानंतर आमच्याकडची वर्दळ कमी झाली. पुढे ती बंद झाली. तो मात्र येत राहिला, हेही लिहिले पाहिजे. उल्हासला माझे जेवणाचे स्टीलचे ताट द्यावे. हे एकच आहे. बाकीची ताटे मी देऊन टाकली, कारण एका माणसाला एकच लागते.

कलम ६. प्रतिमा व साक्षीदार. प्रतिमाला मी काहीही ठेवत नाही. याचा अर्थ रागाने लावू नये. लायब्ररीत बसून मी कायद्याचे पुस्तक वाचले आहे. मृत्युपत्रात ज्याला लाभ आहे त्यानेच साक्ष घातली तर तो लाभ संशयात येतो. साक्षीदार कोरा पाहिजे. प्रतिमाला काही दिलेले नाही, म्हणून ती साक्षीदार होऊ शकते. साक्ष समोर बसून घालायची असते. त्यासाठी तिला इथे यावे लागेल.

मी तिला फोन केला. “सही पाहिजे. चोवीस तारखेला ये.”

“कान्ट यू मेल इट?”

“नाही चालत.”

मग ती म्हणाली, “ओके.”

उल्हासला हे कळल्यावर तो म्हणाला, “अरे, सगळं हाताने लिहिलंस ना? मग कॅलिफोर्नियात साक्षीदार लागतच नाही. पोरीला सिएटलहून कशाला ओढतोस?”

“मला माहीत आहे. त्याच पुस्तकात, त्याच प्रकरणात आहे.”

“मग?”

“मला दोन साक्षीदार हवेत.”

यावर उल्हासने विनोद केला नाही, याची नोंद घेतली आहे.

दुसऱ्या साक्षीदार शेजारच्या श्रीमती डोलोरेस मेंडोझा. त्या नाताळात मक्याच्या पिठाचे तामाले करून पाठवतात, आणि माझे कार्ड फ्रिजच्या दारावर लावतात. असे करणारे दुसरे घर मला माहीत नाही. म्हणून त्यांनाही काही ठेवलेले नाही.

कलम ७. अंत्यविधी. विद्युतदाहिनी. भाषणे नकोत. फुलांऐवजी काय करायचे ते मंडळाला तोंडपाठ आहे.

पुढील मजकूर आज, शनिवार, २४ डिसेंबर रोजी, सही करण्यापूर्वी लिहिला.

प्रतिमा अकराच्या सुमारास आली. तिला मराठी वाचायला वेळ लागतो म्हणून मी मोठ्याने वाचून दाखवले. श्रीमती मेंडोझा पेन घेऊन बसल्या होत्या.

पहिल्या कलमाशीच तिने थांबवले. “कसलं ऑपरेशन?”

“लिहिलंय ना. हृदयाचं.”

“यू डिडन्ट टेल मी.”

“तू विचारलं नाहीस.”

मी पुढे वाचले. चौथे कलम झाल्यावर ती उठून गॅरेजमध्ये गेली. खण ओढल्याचा आवाज आला. परत येऊन तिने भोवरा टेबलावर, या कागदांच्या शेजारी, चिमटीने फिरवला. पाचवे कलम आणि सहावे कलम मी वाचून संपवले तरी तो उभा होता.

मी पेन तिच्यापुढे सरकवले. तिने ते उचलले नाही.

“सो, व्हॉट डू आय गेट?”

“तुझ्या नावाने,” एवढे म्हणून मी थांबलो.

“बाबा, घर दे त्यांना. चष्मे दे. आय मीन इट. पण इतकी वर्षं माझं नाव लिहून तू दुसऱ्यांना देतोस. एकदा माझं नाव लिही आणि मला दे.”

“मग आत्ताच घेऊन जा तो भोवरा.”

“नो. तिथे लिही.”

मी तिला कायदा समजावून सांगितला. लिहिले तर तिला साक्ष घालता येणार नाही, आणि मग ती एवढ्या लांबून विनाकारण आली असे होईल.

ती म्हणाली, “साक्षीदार लागत नाही, बाबा. तूच आत्ता वाचलंस. आणि उल्हासकाकांनी मला फोनवर सांगितलं होतं. तिकीट काढायच्या आधी.”

श्रीमती मेंडोझांना यातले काही समजले नव्हते. त्यांनी उठून सर्वांसाठी चहा ठेवला. घरात कप दोन होते. तिसरा त्यांनी आपल्या घरून आणला.

कलम ८. पितळी भोवरा माझी मुलगी प्रतिमा हिला द्यावा. तिच्या नावाने अन्य कोणाला देऊ नये. कलम ४ मधील शेवटचे वाक्य मी खोडले आहे व खोडलेल्या जागी सही केली आहे.

वरील सर्व मी पुन्हा वाचून पाहिले. ते माझे आहे आणि मला मान्य आहे.

सनीव्हेल, कॅलिफोर्निया
२४ डिसेंबर १९८८

(सही) त्र्यंबक रामू लोहार

साक्षीदार
१. (सही) डोलोरेस मेंडोझा, शेजारी
२. प्रतिमा त्र्यंबक लोहार. हजर होती. सही नाही. कारण, कलम ८.