फुलीच्या जागी

गफूरभाई,
अस्सलामु अलैकुम.

तुमच्या नदीमच्या हाती पाठवलेलं हक्कसोड पत्र मिळालं. फुलीच्या जागी सही करायची, एवढंच काम, असं तुम्ही फोनवर म्हणालात. अब्बांच्या आंब्याच्या कलमांच्या बागेत मला तुमच्या वाट्याच्या निम्मा वाटा, आणि तोही तुम्ही किती मायेनं मागितलात! मी सही करणारही होते.

पण परवा मुलींना घेऊन जेद्दाहून अल उलाला गेलो. तिथे वाळवंटात डोंगर कोरून केलेल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या कबरी आहेत. आमची गाइड अरवा, कोवळी सौदी मुलगी. एका दारावरचा लेख तिनं वाचून दाखवला. ही कबर एका बाईनं स्वतःसाठी आणि आपल्या मुलींसाठी कोरवून घेतली. जो ती विकेल त्याला शाप.

मी विचारलं, "आणि तिच्या नवऱ्याचं नाव?"

अरवा हसली. "खलास. लेख इथेच संपतो."

भाई, माझीच मला लाज वाटली. एवढ्या डोंगरासमोर उभी राहून मी विचारलं काय!

हे पत्र मी टाकणार नाही. मी सही करणारही होते हे वाचून तुम्ही पुन्हा मायेनं फोन कराल आणि मी विरघळेन. माझा स्वभाव मला ठाऊक आहे. तुमचा कागद मात्र नदीमबरोबर परत येतोय. फुलीच्या जागी लिहिलंय, 'माझा वाटा माझ्यासाठी आणि माझ्या मुलींसाठी.' शाप तेवढा लिहिला नाही. शेवटी भाऊ आहात.

खाली नाव निकाहाआधीचं घातलंय, अब्बांनी शाळेत घातलं होतं तसं.

शरफुन्निसा इब्राहीम परकार